पिवळ्या-लालाच्या मधे

गणपती तोंडावर आले की बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या गल्लीत मला अचानक भाव येतो. एरवी वर्षभर कोणी विचारत नाही, पण मंडळाचा फ्लेक्स करायचा म्हटलं की ‘तुझ्याकडं फोटोशॉप हाय न्हवं?’ म्हणत पोरं दारात हजर. मजकूर पाच मिनिटांत होतो. कुणाचा फोटो कुणापेक्षा किती मोठा, यात एक अख्खी संध्याकाळ जाते. उरलेली रात्र माझी आणि ग्रेडियंटची, म्हणजे एका रंगातून दुसऱ्या रंगात अलगद उतरण्याची.

काम म्हटलं तर सोपं. कीबोर्डवर जी दाबायचं, एका टोकाला माउस धरून दुसऱ्या टोकापर्यंत ओढायचा आणि सोडायचा. ओढ लांब घेतली तर रंग निवांत उतरतो, आखूड घेतली तर पायरी चुकल्यासारखा धपकन पडतो. शिफ्ट दाबून ठेवली की रेघ वाकडी जात नाही. प्रकार पाच आहेत, पण बाप्पाच्या मागं गोलच लागतो. त्याशिवाय तेज फाकत नाही, असं मंडळाचं ठाम मत.

हेच काम पूर्वी पेंटर करायचे. पत्र्यावर ऑइल पेंटचे दोन रंग शेजारी-शेजारी लावायचे आणि ते ओले आहेत तोवर कोरड्या ब्रशनं मधली हद्द हलक्या हातानं पुसत न्यायची. शाळेतून येताना मी तिथं दप्तरासकट उभा राहायचो. त्या हाताला अनडू नव्हतं.

मला आहे, तरी दोन वर्षांपूर्वी फजिती झालीच. देखाव्यामागं बेळगावचं पावसाळी आभाळ हवं होतं, म्हणून गडद राखाडीतून फिक्या राखाडीत उतरलो. स्क्रीनवर अगदी लोण्यासारखं. दहा फुटी फ्लेक्स उलगडला तर आभाळभर पट्टे, जणू इरकलीचा पदर पसरलाय. रात्री हिशेब केला. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ पायऱ्या. माझ्या दोन राखाडींत अंतर जेमतेम ४० पायऱ्यांचं. दहा फूट म्हणजे १२० इंच. एकेका पायरीच्या वाट्याला तीन-तीन इंच. दिसणारच की! त्यात डिदरची खूण मीच कधीतरी काढून टाकली होती. ती असली की दोन छटांच्या सांध्यावर दोन्हींचे ठिपके विखुरले जातात आणि डोळ्याला सांधा सापडत नाही. रांगोळीत कडेला चिमटीनं रंग भुरभुरवतात ना, तसंच. आता खूण जागेवर आहे आणि वरून चिमूटभर नॉइज, म्हणजे बारीक ठिपक्यांची भुरभूरही टाकतो.

पण खरी गंमत गेल्या ऑक्टोबरातली. ऑफिसातला मित्र घरी कन्नड बोलतो, माझ्याशी मराठी. त्याला राज्योत्सवाचा, म्हणजे कर्नाटकाच्या स्थापना दिवसाचा बॅनर हवा होता. एक नोव्हेंबरला आमच्या गावात कुणी राज्योत्सव पाळायचा नि कुणी काळा दिवस, हा विषय चहाबरोबर काढत नाहीत; मित्राचं काम म्हणून बसलो. कन्नड झेंड्यासारखा वर पिवळा, खाली लाल. सवयीनं ग्रेडियंट ओढला आणि मधोमध झळाळता भगवा उमटला.

तो स्क्रीनकडं बघतच राहिला. ‘हे मधलं कुठनं आणलास लेका?’

‘मी कशाला आणू? ते आपोआप येतंय.’ प्रत्येक रंगात लाल, हिरवा, निळा किती, ते आकडे काढून दाखवले. पिवळा २५५, २५५, ०. लाल २५५, ०, ०. अर्ध्या वाटेवर २५५, १२८, ०. त्याला पटलं, पण हसता हसता चहा सांडला. मग दोन्ही रंगांचे स्टॉप, म्हणजे ग्रेडियंटच्या पट्टीवरच्या खुणा सरकवत एकाच जागी आणून चिकटवले. मधला रंग नाहीसा झाला आणि ग्रेडियंटचा झेंडा झाला.

जुनी फाइल मी पुसली नव्हती. यंदा मंडळाच्या पोरांना पार्श्वभूमी भगवी पाहिजे होती, पण ‘एकदम चकचकीत, गेल्या वर्षीसारखी मळकी नको.’ तीच फाइल उघडली, मधला भाग उचलला आणि फ्लेक्सभर ताणला.

‘झकास!’ पोरं म्हणाली. ‘हा रंग कुठनं काढलास?’

म्हटलं, होता आपल्याकडंच.