सेमी-हॉलो (अर्धपोकळ) इलेक्ट्रिक गिटार घ्यावी का?
डोक्यात सध्या सेमी-हॉलोच आहे, म्हणजे गिब्सनने 1958 मध्ये आणलेल्या ईएस-335 या मॉडेलच्या धर्तीवरची, दोन्ही बाजूंनी पोकळ, एफ-होल्सवाली (f आकाराची भोकं असलेली), पण मधोमध लाकडाचा भरीव ठोकळा, त्यामुळे पूर्ण पोकळ गिटारसारखी अँपसमोर (अँप्लिफायरसमोर) लगेच शिट्टी मारत नाही. परवा कॅम्पातल्या एका दुकानात हातात घेतली, अँप न लावताच ई मेजर कॉर्ड वाजवला आणि पोटाशी टेकलेली बॉडी चक्क थरथरली! कोथरूडच्या फ्लॅटमध्ये रात्री अँप लावता येत नाही, सो माझ्यासाठी हे फार महत्त्वाचं आहे. साइज मोठा आहे, बसून वाजवताना उजवा खांदा वर राहतो, ते खटकलं. पावसाळ्यातली दमट हवा म्हणाल तर अकूस्टिकलाही जपावंच लागतं की. हेवी गेन, म्हणजे अँपवर खूप फाटलेला आवाज, ज्यात अशी गिटारही शिट्टी मारू शकते, तो मला लागत नाही, त्यामुळे मी घेणारे, फक्त चेरी रेडच हवी.