जुनी डिझेल गाडी घेताय? सर्व्हिस हिस्ट्रीतल्या गाळलेल्या जागा वाचा

"सगळी सर्व्हिस कंपनीत केलीय" असं प्रत्येक विकणारा म्हणतो. त्यावर एवढंच विचारायचं: प्रिंट आहे का? शिक्के मारलेली पुस्तिका नको, शिक्के कुठेही बनतात. सर्व्हिस सेंटरच्या सिस्टीममधून निघालेली जॉब कार्डांची (प्रत्येक भेटीत केलेल्या कामांच्या नोंदींची) यादी हवी.

अनोळखी माणसाला सेंटर ही यादी देत नाही. म्हणून मालकाला बरोबर न्या, किंवा त्याच्या नोंदवलेल्या मोबाइलवरून मागवायला सांगा. बऱ्याच कंपन्यांच्या ॲपमध्ये मालकाच्या लॉगिनवर ही यादी दिसते. शोध शक्यतो गाडी नंबरावर न करता चासी नंबरावर करायला सांगा. दुसऱ्या राज्यातून आलेल्या गाडीचा पासिंग नंबर बदलतो, चासी नंबर बदलत नाही. दिल्लीत १० वर्षांच्या डिझेल गाड्यांवर बंधनं आल्यापासून तिकडच्या बऱ्याच गाड्या एनओसी (आरटीओचा ना-हरकत दाखला) घेऊन इतर राज्यांत विकल्या गेल्या. अशा गाडीचा इथल्या नंबरावरचा इतिहास दोन वर्षांचाच दिसतो आणि आधीची आठ वर्षं जुन्या नंबराखाली पडून राहतात.

यादी हातात आली की आधी कामं वाचू नका. तारीख आणि किलोमीटर हे दोनच रकाने घ्या आणि मोबाइलवर भागाकार करा.

समजा, एप्रिल २०१६ची स्विफ्ट डिझेल आहे. नोंदी अशा: फेब्रुवारी २०१७ ला १०,१२०, जानेवारी २०१८ ला २०,३४०, डिसेंबर २०१८ ला ३०,८७०, नोव्हेंबर २०१९ ला ४१,९००. त्यानंतर थेट जुलै २०२२ ला ४६,२००. आज मीटरवर ५८,०००. पहिल्या ४३ महिन्यांत गाडी महिन्याला साधारण ९७० किमी धावली. पुढच्या ३२ महिन्यांत ४,३०० किमी, म्हणजे महिन्याला जेमतेम १३५. विकणारा म्हणेल, लॉकडाऊन. काही महिन्यांपुरतं ते खरंही आहे. पण लॉकडाऊन ३२ महिने नव्हता, आणि महिन्याला हजार किमी फिरणारा माणूस एकाएकी घरी बसत नाही. जुन्याच वेगाने धरलं तर त्या गाळलेल्या जागेत ३० हजार किमी बसतात. लॉकडाऊनची सूट देऊनही २०-२२ हजार उरतात. डिजिटल मीटर मागे घेणं हे लॅपटॉप लावून अर्ध्या तासाचं काम आहे, आणि ते सर्व्हिसच्या मध्येच केलं की पुढची प्रत्येक नोंद "बरोबर" येत जाते. आकडा कुठेच उलटा जात नाही, फक्त एका ठिकाणी मंदावतो. शोधायचं ते तिथेच.

संशय आला की गाडीवर पुरावा शोधा. टायरच्या बाजूला DOT या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार अंक बघा: २३२१ म्हणजे २०२१ चा २३ वा आठवडा. ५८ हजाराच्या गाडीला टायरचा तिसरा संच असेल तर हिशोब चुकतोय. क्लच पेडलचं रबर गुळगुळीत झालंय का, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड दबलीय का, तेही बघा. आणि यादीत ४५-५० हजारालाच क्लच सेट बदललेला दिसला, तर एक तर चालवणारा क्लचवर पाय ठेवून चालवत होता किंवा मीटर खोटं आहे. दोन्हीपैकी काहीही असलं तरी भाव उतरायला हवा.

आता कामांकडे. पेट्रोल गाडीच्या यादीत ऑईल, फिल्टर, ब्रेक एवढं दिसलं तरी चालून जातं. डिझेलचं तसं नाही. तिथे पहिली ओळ शोधायची ती डिझेल फिल्टरची. मॉडेलप्रमाणे २० ते ४० हजार किमीला तो बदलायचा असतो आणि मध्ये त्यात साठलेलं पाणी सोडायचं असतं. कॉमन रेल इंजिनात (आजच्या डिझेल गाड्यांत हेच असतं) डिझेल हजार बारच्या वरच्या दाबाने इंजेक्टरच्या (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागाच्या) केसाएवढ्या भोकांतून जातं. पाणी आणि कचरा तिथवर पोचला की आधी मिसिंग (इंजिन झटके देत चालणं), मग सकाळी स्टार्टला उशीर, मग चारही इंजेक्टर आणि कधीकधी हाय प्रेशर पंपही जातो. एक लाख किमीच्या यादीत डिझेल फिल्टर एकदाच दिसला, तर रिटर्न लीक टेस्ट केल्याशिवाय पुढे जाऊ नका. इंजेक्टरांच्या परतीच्या नळ्या बाटल्यांत सोडून इंजिन काही मिनिटं चालवतात. एका बाटलीत इतरांपेक्षा खूप जास्त डिझेल आलं की तो इंजेक्टर गेलेला.

दुसरी ओळ टायमिंग बेल्टची (इंजिनाचे व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवणारा पट्टा; काही इंजिनांत त्याजागी चेन असते), आणि इथे कोणतं इंजिन आहे ते माहीत असायला हवं. मारुती, टाटा, फियाट या सगळ्यांनी वापरलेलं १.३ लिटरचं इंजिन (गंमतीने ज्याला भारताचं राष्ट्रीय इंजिन म्हणतात) चेनवर चालतं. ह्युंदाईची १.४ आणि १.६ सीआरडीआयसुद्धा चेनवरच. इनोव्हा क्रिस्टाच्या २.४ ला चेन, पण तिच्या आधीच्या २.५ इनोव्हाला बेल्ट. डस्टरच्या १.५ ला बेल्ट, फोर्डच्या १.५ ला बेल्ट, पोलो-व्हेंटोच्या डिझेललाही बेल्टच. बदलायचं अंतर मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं; किलोमीटर आणि वर्षं, जे आधी भरेल ते. कमी फिरलेल्या गाडीचा बेल्ट "अजून किलोमीटर झाले नाहीत" म्हणून तसाच राहतो आणि रबर वयाने कडक होतं. तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, हेड उतरवावं लागतं. बिलात नुसता बेल्ट नको, टेन्शनर आणि आयडलर (बेल्ट ताणून धरणाऱ्या पुली) हेही हवेत, आणि जिथे वॉटर पंप याच बेल्टवर फिरतो तिथे तोही. पंप जुना ठेवून बेल्ट नवा घातला की पंपाचं बेअरिंग जाम झालं तरी तोच बेल्ट तुटतो. बिल नसेल तर बेल्ट बदललेला नाही असंच धरा आणि पूर्ण किटचा खर्च किमतीतून कापा.

टर्बो, ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी यंत्रणा), ग्लो प्लग (गार इंजिन सुरू करताना तापणारे प्लग) यांच्या नोंदी दिसल्या म्हणून घाबरायचं कारण नाही. खरी घातक ओळ साधी असते: "ऑईल टॉप-अप ५०० मिली". दोन सर्व्हिसच्या मध्ये अशी नोंद दोन-तीनदा आली असेल तर इंजिन ऑईल पितंय. टर्बोच्या सीलमधून किंवा पिस्टन रिंगमधून. सव्वातीन लिटरच्याही आत ऑईल बसणाऱ्या १.३ इंजिनात अर्धा लिटर कमी होणं थोडंथोडकं नाही. तसंच कूलंटचं. वारंवार टॉप-अप आणि रेडिएटर किंवा होज बदलल्याची नोंद नाही, तर कूलंट जातं कुठे? हेड गॅस्केट किंवा ईजीआर कूलर, हे दोन संशयित.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेलला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असतो. तो साठलेली काजळी गरम करून जाळतो, आणि त्यासाठी काही वेळ सलग वेगात धावणं लागतं. पुण्यात रोज चार किमीवर ऑफिसला जाणाऱ्या डिझेलला ते मिळत नाही. काजळी जळण्याची प्रक्रिया अर्धवट राहते, तिच्यासाठी जादा सोडलेलं डिझेल ऑईलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर पातळी वर चढते. ऑईल कमी होण्याइतकंच ते वाढणंही वाईट, पातळ झालेलं ऑईल बेअरिंग सांभाळत नाही. यादीत "फोर्स्ड रिजनरेशन" (सेंटरमध्ये मुद्दाम काजळी जाळणं) एकदा असेल तर ठीक, वर्षात तीनदा असेल तर ती गाडी शहरातच कोंडलेली आहे. मला विचाराल तर तीन वर्षांत १८ हजार चाललेल्या बीएस-६ डिझेलपेक्षा ७० हजार हायवेवर चाललेली घ्या.

अपघाताची कामं जॉब कार्डात बॉडीशॉप म्हणून वेगळी येतात. बंपर, फेंडर, दार यांचं विशेष नाही. रेडिएटर सपोर्ट, एअरबॅग, सबफ्रेम हे शब्द दिसले की थांबा. बाहेर डेंटिंग-पेंटिंग केलं असेल तर यादीत येणार नाही, पण विमा पॉलिसी बोलते. क्लेम नसेल तर एनसीबी (नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट) पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षानंतर ५०. एकाच मालकाकडे आठ वर्षं असलेल्या गाडीवर २० टक्केच असेल, तर दोन वर्षांपूर्वी क्लेम झालाय, नाहीतर पॉलिसी ९० दिवसांपेक्षा जास्त बंद पडली होती. दोन्हींचं उत्तर मागा. (एनसीबी गाडीचा नसतो, मालकाचा असतो. सेकंड ओनरकडे तो त्याच्या हिशोबाने दिसेल.)

कोल्हापूर, सांगली, चिपळूणच्या गाड्यांत, म्हणजे एमएच-०९, १० आणि ०८, दोन महिने मुद्दाम बघा: ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१. त्यानंतर लगेच वायरिंग हार्नेस, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), स्टार्टर, कार्पेट अशा नोंदी एकत्र असतील तर गाडी पुरात होती. डिझेलचं कॉम्प्रेशन जास्त, इंजिनात शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, म्हणून पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. थोडा वाकलेला रॉड महिनोन्‌महिने चालतो आणि मग ब्लॉक फोडून बाहेर येतो.

पिवळ्या पाटीची पांढरी केलेली गाडी ओळखणं त्यामानाने सोपं. एमपरिवहन या सरकारी ॲपवर वाहनाचा वर्ग आज 'मोटर कार' दिसेल, पण चासी नंबरावरच्या जुन्या यादीत दर दीड-दोन महिन्यांनी १० हजाराची सर्व्हिस सापडेल. बॉनेटखाली स्पीड गव्हर्नर काढल्याच्या खुणा, मोकळे ब्रॅकेट किंवा चिकटपट्टीत गुंडाळलेल्या वायरी, तेही बघा.

वॉरंटी संपल्यावर बाहेरच्या गॅरेजात गेलेली गाडी वाईटच असते असं नाही. मिस्त्रीच्या बिलावर तारीख, किलोमीटर, ऑईलचा ग्रेड आणि किती लिटर एवढं असलं तरी पुरे. "ऑईल चेंज केलं, रोख दिले" याला हिस्ट्री म्हणत नाहीत.

शेवटी मेकॅनिकला स्कॅनर घेऊन बोलवा, आणि विकणाऱ्याला आधीच सांगा की इंजिन गार हवं, म्हणजे स्टार्टला होणारा उशीर लपणार नाही. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून बघा. स्कॅनरवर एरर कोड शून्य दिसले की लोक खूश होतात. त्याऐवजी "कोड पुसल्यापासूनचं अंतर" बघा. ते ६ किमी असेल तर आज सकाळीच कोणीतरी कोड पुसलेत. ५०-६० किमीची ट्रायल मारा, त्यात एखादा घाट असेल तर उत्तम, आणि परत आल्यावर स्कॅनर पुन्हा लावा.