व्हाल्कूर एमेचा ऊसमळा आणि घरचा हिशेब

लुइझियानाच्या सेंट जेम्स परगण्यात, मिसिसिपी नदीच्या काठी ऊसमळा आणि साखर कारखाना चालवणाऱ्या व्हाल्कूर एमे या जमीनदाराची रोजनिशी त्याच्या मृत्यूनंतर, १८७८ साली, न्यू ऑर्लिन्समध्ये छापली गेली. अमेरिकी दक्षिणेतल्या या साखरवाल्यांविषयी वाचताना माझी एक धारणा पक्की होत गेली आहे : त्यांचा धंदा आणि संसार वेगळा काढताच येत नाही, आणि दोन्हींचे भांडवल विकत घेतलेली माणसे हेच होते.

आपल्याकडे आडसाली ऊस दीड वर्ष शेतात उभा राहतो. लुइझियानात मात्र वर्षाच्या आरंभी बेणे लावले की कडाक्याची थंडी पडण्याआधी, जेमतेम नऊ महिन्यांत, तोड सुरू करावी लागे. थंडी लवकर आलीच तर ऊस तोडून सरीत आडवा घालत आणि त्याच्याच पाचटाने झाकून ठेवत. गळीत हंगामात चरक रात्रंदिवस फिरत आणि गुलामांना अठरा-अठरा तास राबवले जाई. झोपेने जड झालेल्या माणसाचा हात चरकात सापडणे, किंवा उकळता रस एका कढईतून दुसऱ्या कढईत पळ्यांनी ओतताना अंग भाजणे हे नेहमीचेच होते. कापसाच्या मुलखात गुलामांची संख्या जन्मांमुळे वाढत असताना या ऊसपट्ट्यात मृत्यू जन्मांहून अधिक होत, आणि ती तूट बाजारातून माणसे आणून भरली जाई. हे ठाऊक असलेल्या वाचकाला रोजनिशीतल्या पावसापाण्याच्या आणि गाळपाच्या शांत नोंदी अस्वस्थ केल्याशिवाय राहत नाहीत.

सोयरीक हीदेखील या धंद्याची एक बाजू होती. व्हाल्कूरची पत्नी जोसेफीन ही रोमां घराण्यातली. तिचा भाऊ आंद्रे दोनदा लुइझियानाचा गव्हर्नर झाला, तर दुसरा भाऊ जाक याच्याशी व्हाल्कूरने १८३६ मध्ये मळ्याची अदलाबदल केली. जाकला मिळालेला तो मळा म्हणजे आज पर्यटकांच्या गर्दीचे ठिकाण झालेले ओक ॲली. व्हाल्कूरने आपल्या कारखान्यातच शुद्ध पांढरी साखर काढली, घराभोवती विख्यात बाग उभी केली. परंतु १८५४ च्या सप्टेंबरमध्ये एकुलता एक मुलगा गाब्रिएल पीतज्वराने गेला. आता ज्याला पुढे चालवायचे असेल त्याने चालवावे, आपला काळ संपला, अशा आशयाची नोंद बापाने केली. ती वाचताना त्याच्याविषयी कणव वाटते, हे मी लपवणार नाही. मात्र त्याच मळ्यांवर इतर आईबापांची मुले वाटणीत आणि विक्रीत जात होती, आणि त्यांच्या दुःखाला कोणत्याही रोजनिशीत जागा नव्हती.

लुइझियानाच्या कायद्याने गुलाम ही स्थावर मालमत्ता होती; जमिनीप्रमाणेच तो गहाण पडे आणि वारसांत वाटला जाई. मालक वारला की मोजदाद होई, आणि ज्यांची नावे एरवी कुठेच आली नसती त्यांची नावे किमतीसह कागदावर येत. जाक १८४८ मध्ये वारला, तेव्हा केलेल्या यादीत आंत्वान या अडतीस वर्षांच्या माळ्याची नोंद आहे : पेकानच्या झाडांची कलमे करण्यात तरबेज, किंमत एक हजार डॉलर. पेकान हे अक्रोडाच्या जातीचे फळ. बी लावून वाढवलेल्या झाडाला कसे फळ येईल याचा भरवसा नसतो, म्हणून कलमाला मोल. आंत्वानने १८४६-४७ च्या हिवाळ्यात सोळा झाडांवर यशस्वी कलमे बांधली होती, आणि पेकानच्या व्यापारी लागवडीचा आरंभ तिथूनच मानला जातो. यादवी युद्धानंतर, १८७६ मध्ये, फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात याच वाणाला पारितोषिक मिळाले. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचे ते शंभरावे वर्ष असल्यामुळे वाणाचे नाव ‘सेंटेनियल’ पडले. कलम बांधणाऱ्या आंत्वानचे नाव त्याला कोणी दिले नाही.