तुम्ही विचारलंत म्हणून : फुरसुंगीकरांना नक्की हवंय तरी काय?

‘आधी पुणे महापालिकेत घ्या म्हणून ओरडलात. घेतलं तर बाहेर काढा म्हणून अर्ज केलेत. आता स्वतंत्र नगरपरिषद मिळाली, तरी कुरकुर चालूच. तुम्हा लोकांना नक्की हवंय तरी काय?’

हा प्रश्न मला ऑफिसात विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, आणि कोथरूडचे माझे मावससासरे तर दर गणपतीत आरती झाली की विचारतात. मी हसून वेळ मारून नेतो. उत्तर द्यायला घेतलं की दोन मिनिटांत समोरचा म्हणतो, ‘ते जाऊ द्या, तिकडे गुंठ्याचा भाव काय चाललाय?’ म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

तारखा तुम्हाला ठाऊक आहेत. ऑक्टोबर २०१७ मध्ये अकरा गावं पुणे महापालिकेत गेली, त्यात हडपसरपलीकडची आमची फुरसुंगी आणि शेजारची उरुळी देवाची. डिसेंबर २०२२ मध्ये आम्हा दोघांनाच बाहेर काढायची घोषणा झाली, सप्टेंबर २०२४ मध्ये अंतिम अधिसूचना निघाली, डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदेची पहिली निवडणूक. एवढ्यावरून तुम्ही ठरवता की गावाचं डोकं ठिकाणावर नाही.

पण ‘तुम्हा लोकांना’ म्हणजे कोणाला? गावठाणात पिढ्यान्‌पिढ्या राहणारे वेगळे. भेकराईनगरला गुंठा-दीड गुंठा घेऊन, कर्ज काढून दोन मजले चढवलेले वेगळे. सोसायट्यांमधले, ज्यांना बिल्डरनं ‘हडपसर ॲनेक्स’ म्हणून फ्लॅट विकला, ते वेगळे. मंतरवाडीचे कापडवाले, गोडाऊनवाले आणखी वेगळे. आत जाताना यातल्या निम्म्यांनी पेढे वाटले. बाहेर पडताना पेढे वाटणारे बरेचसे दुसरेच होते. बाहेरून बघणाऱ्याला ते एकच गाव दिसतं, त्याला आमचा इलाज नाही.

आणि एक गोष्ट तुम्ही सोयीनं विसरता. आम्ही महापालिकेत जायच्या आधी महापालिका आमच्यात आली होती. कोथरूडचा कचरा डेपो बंद झाला आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून गाड्या इकडे वळल्या. वाढत वाढत डेपो १६३ एकरांचा झाला. मावससासऱ्यांना आता आठवतसुद्धा नाही की कधीकाळी डेपो त्यांच्या बाजूला होता. पाव शतक कचरा पुण्याचा आणि आमचं मतदान ग्रामपंचायतीला. ज्यांच्या गाड्या दारावरून जातात त्यांना जाब विचारायला आमचा एक माणूस त्या सभागृहात नव्हता. एप्रिल २०१७ मध्ये डेपोला आग लागली, धूर घराघरात शिरला, तेव्हा गावानं गाड्या अडवल्या त्या तीन आठवडे. शहरात कंटेनर वाहायला लागले, तेव्हा तुमचे फोन आले होते. ‘अहो, किती वास येतोय इथे!’

‘आम्हाला आत घ्या’ या मागणीमागे पाणी होतं, रस्ते होते, राजकारणही होतं, नाही म्हणत नाही. माझ्यापुरतं कारण मात्र वेगळं आहे, आणि ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

धाकट्या भावाचं लग्न जमवायचं होतं तेव्हाची गोष्ट. इंदापूरकडचं स्थळ आलं. मुलीचे वडील, मामा, आत्या आणि मध्यस्थ असे चौघं घर बघायला आले. मुलीचे वडील शेतकरी, मोकळा माणूस. ओसरीवर टेकता टेकता म्हणाले, ‘आम्ही उन्हाळी कांदा लावतो तो फुरसुंगीच. नाव बियाण्याच्या पुडीवर वाचत आलो, गाव आज बघितलं.’ आमच्या वडिलांचा, आण्णांचा चेहरा असा खुलला की विचारू नका. आमच्या गावाच्या नावाचं वाण महाराष्ट्रभर लागतं, कांदाचाळीत टिकतं म्हणून लोक मागून नेतात. आण्णांनी उमेदीची सगळी वर्षं तोच कांदा केला होता. दोघांची गट्टी जमली. धाकट्याला काय पगार, काय शिक्षण, कोणी विचारेनाच.

आईनं सकाळपासून दारं-खिडक्या लावून घेतल्या होत्या, फरशी फिनाईलनं पुसली होती. तरी पोहे आले आणि माश्याही आल्या. ज्यांनी डेपोशेजारचं घर पाहिलं नाही त्यांना या माश्या सांगून कळायच्या नाहीत. हात हलवला की उठत नाहीत, बसल्या जागी सरकतात. मुलीच्या आत्यानं कपावर बशी पालथी घातली आणि मधूनमधून ती उचलून एकेक घोट घेतला. बाई भली, चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. आईनं पुन्हा पोहे वाढायला हात पुढे केला, तर ‘पोट भरलं हो’ म्हणाल्या. बशीतले पोहे तसेच होते.

मग मुलीचे वडील म्हणाले, ‘चला पाहुणे, विहीर तर दाखवा.’

शेतकरी माणूस स्थळ बघायला गेला की विहीर बघतोच. बँकेचं पासबुक मागण्यापेक्षा ते बरं दिसतं. आण्णा म्हणाले, ऊन फार आहे. पाहुणे म्हणाले, आम्ही काय सावलीत वाढलोय का! आण्णा म्हणाले, वाटेत चिखल आहे. तोवर पाहुण्यांनी चपला घातल्या होत्या.

मी मागून गेलो. विहीर आजोबांच्या वेळची, घडीव दगडाची, उतरायला पायऱ्या. पाहुणे तिसऱ्या-चौथ्या पायरीपर्यंत उतरले आणि थांबले. पाणी काळपट-तांबडं होतं, वर तेलकट साय, कडेला पिवळा फेस. वास तर वरूनच येत होता. त्यांनी वर बघून विचारलं, ‘हे कधीपासून?’ आण्णा म्हणाले, ‘झाली की बरीच वर्षं.’ ‘मग कांदा?’ ‘सोडला.’ ‘आणि प्यायला?’ ‘टँकर येतो.’

टँकर त्या दिवशी आलेला नव्हता. पाहुण्यांचा चहा विकतच्या जारच्या पाण्याचा होता, हे मात्र आण्णांनी सांगितलं नाही.

पाहुणे वर आले. त्यांनी आण्णांच्या खांद्यावर हात ठेवला आणि थोडा वेळ तसाच ठेवला. त्यांना वाईट वाटलं होतं, ते उघड दिसत होतं. तेच आण्णांना सहन झालं नाही. उर्मट माणूस असता तर आण्णा दोन शब्द सुनावून मोकळे झाले असते.

आठवड्यानं मध्यस्थाचा फोन. ‘मुलगा एक नंबर आहे, माणसं लाखात एक. पण पोरगी तिथं द्यायला घरातल्या बायका तयार नाहीत.’ आण्णा ‘बरं बरं’ म्हणाले आणि फोन ठेवला. महिन्याभरात विहिरीत मुरूम-राडारोडा पडायला लागला. वर्षाच्या आत त्या रानात पत्र्याची शेड उभी राहिली आणि एका कापडवाल्यानं ती गोडाऊनसाठी भाड्यानं घेतली. आण्णा त्या बाजूला पुन्हा फारसे गेले नाहीत. भाड्याचा चेक मीच आणायचो.

म्हणून २०१७ मध्ये आम्ही आत गेलो तेव्हा फटाक्यांची माळ मी लावली. मला वाटलं, आता आपला नगरसेवक उठून उभा राहील आणि म्हणेल, चला माझ्याबरोबर, विहीर दाखवतो. आण्णा खाटेवरून म्हणाले, ‘वाजवा. आता कचरा पण आपलाच झाला.’ मला राग आला होता.

नगरसेवक मिळाले. अकरा गावांना मिळून दोन, तेही २०१९ च्या पोटनिवडणुकीत. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक आले. म्हणजे आम्हाला बाहेर काढायचं ठरलं तेव्हा आमची ग्रामपंचायत कधीच बरखास्त झालेली होती आणि महापालिकेत सभागृहच नव्हतं. गावाला आत घेताना कोणी नीट विचारलं नाही, काढताना विचारायला माणूसच शिल्लक नव्हता. हरकती-सूचना मागवल्या म्हणता? मागवल्या की. त्याच सांगतो.

मी पाठिंब्याच्या पत्रावर सही केली. बाहेर काढा म्हणून. बैठकीत कारण म्हणून जे बोललो ते सगळ्यांचंच होतं : कर शहराचा आणि पाणी टँकरचं. ते खोटं नव्हतं. पण सहीचं पेन माझ्या हातात आलं ते गोडाऊनच्या मिळकतकरामुळे. बिगरनिवासी आकारणी, दर वर्षी टप्प्याटप्प्यानं वाढत जाणारी. बिलात चूक काही नव्हती, नियमानं आलं होतं. ग्रामपंचायतीच्या पावतीशेजारी ते ठेवलं आणि माझा नागरी बाणा तिथंच संपला.

२०१७ मधला मी आज भेटला तर म्हणेल, ‘विहिरीसाठी आत गेलास आणि विहिरीवरच्या शेडसाठी बाहेर आलास. आण्णांना हे सांगून बघ.’ त्याला मी काय सांगणार? म्हणेन की बाबा रे, तुला तेव्हा भाडं लागत नव्हतं, तुझ्या मुलीची फी नव्हती. तो म्हणेल, ही सबब झाली. मी म्हणेन, सबब असेल, पण तुझा नगरसेवक तरी कुठे विहीर दाखवायला घेऊन गेला? हा वाद माझ्या डोक्यात अनेकदा झालाय आणि दर वेळी दोघंही खालच्या आवाजावर येऊन थांबतात.

धाकट्यानं मात्र हरकत घेतली. बाहेर काढू नका म्हणून. (त्याचं लग्न पुढे झालं, मुलगी हडपसरची, तिला माश्या नव्या नव्हत्या.) त्याच्या वाट्याचं रान महापालिकेच्या टीपी स्कीममध्ये, म्हणजे नगररचना योजनेत आलंय. रस्ते आखलेत, प्लॉट पडणार, आणि महापालिका गेली तर हे नवी नगरपरिषद कुठल्या पैशानं करणार, हा त्याचा सवाल. सवाल रास्त आहे. एकाच सातबाऱ्यावरची दोन नावं, एका कार्यालयात परस्परविरोधी दोन अर्ज. आता सांगा, यातलं ‘फुरसुंगीकरांचं म्हणणं’ कोणतं?

तुम्ही हसाल, पण कोथरूडच्या सोसायटीत लिफ्टच्या खर्चावरून तळमजला आणि चौथा मजला भांडतात, तेव्हा ‘कोथरूडकरांना नक्की काय हवंय’ असं कोणी विचारत नाही.

आता सध्याचं. डेपोची जमीन महापालिकेकडेच राहिली, गाव तेवढं नगरपरिषदेत आलं. कचऱ्याचे जुने डोंगर झाकलेत, काही भागात उपसून प्रक्रियाही केली, वास पूर्वीइतका नाही, हे मान्य. माझी घरपट्टी कमी होईल अशी आशा आहे. पण त्या १६३ एकरांवर उद्या काही नवीन आणायचं ठरलं, तर ते ठरवणाऱ्या सभागृहात आमचं मत पुन्हा नाही. म्हणजे जिथून निघालो तिथंच आलो की! हे सही करताना मला कळलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही. मसुदा मी वाचला होता.

परवा जेवताना धाकट्यानं हेच काढलं. म्हणाला, ‘दहा वर्षांनी पुन्हा आत जायची टूम निघेल बघ. तेव्हा सही करशील?’

मी म्हणालो, ‘गोडाऊनला कर किती लावणार, ते आधी सांग.’

बायको उठून ताक आणायला गेली. आई म्हणाली, ‘आण्णांसमोर असं बोलला असतास का?’ धाकटा म्हणाला, ‘आण्णांनी शेडच बांधली नसती तर प्रश्नच नव्हता.’ मग आम्ही दोघं त्यावरून भांडलो.