डस्टरची युद्धनौका

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही म्हणून फोन आला, तेव्हा मला आधी आठवलं ते इतिहासाच्या मास्तरांचं डस्टर.

नववीच्या पुस्तकात फ्रेंच राज्यक्रांती होती. मास्तरांनी ती दोन तासांत उरकली, पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "आता तुमच्या पणजोबांच्या राजाचं काय झालं ते ऐका." म्हणजे पोर्तुगालच्या. गोवा मुक्त होऊन तेव्हा पंधराएक वर्षं झाली होती, पण अभ्यासक्रमात लिस्बनचं नावही नव्हतं.

फळ्याखालच्या पट्टीवर मास्तर डस्टर सरकवत नेत. ती अदामाश्तोर ही युद्धनौका. टेबल म्हणजे राजवाडा. १९०८ साली कार्लुश राजा आणि युवराज भर चौकात गोळ्यांना बळी पडले, नि अठरा वर्षांचा मानुएल गादीवर आला. ३ ऑक्टोबर १९१० च्या रात्री लिस्बनमध्ये राजाविरुद्ध प्रजासत्ताकवाद्यांचा उठाव सुरू झाला, तोही धड नाही. उठावाचे पुढारी डॉ. बोंबार्दा यांना त्याच दिवशी एका रुग्णाने गोळी घातली होती. सगळं फसलं असं समजून उठावाचेच दुसरे पुढारी अ‍ॅडमिरल रेइश यांनी पहाटे आत्महत्या केली. रोतुंदा चौकात जमलेले बरेच बंडखोर अधिकारी निघून गेले. मागे राहिला माशादु सांतुश, नौदलाच्या पुरवठा खात्यातला माणूस, आणि त्याच्याबरोबर थोडे सैनिक नि बंदुका घेतलेले साधे नागरिक. दुपारी डस्टरने टेबलावर तोफा डागल्या. खडूची धूळ पहिल्या बाकापर्यंत आली. पहिल्या बाकावर मीच.

पण मास्तर रंगायचे ते पाच तारखेच्या सकाळी. परदेशी नागरिकांना बाहेर काढायला तासभर लढाई थांबवावी म्हणून जर्मन वकिलातीचा माणूस पांढरा बावटा घेऊन निघाला. लोकांना वाटलं, राजाची फौज शरण आली! शहर रस्त्यावर उतरलं, सैनिकांना मिठ्या मारू लागलं; मग गोळ्या कोण कुणावर झाडणार? नगरपालिकेच्या सज्जातून प्रजासत्ताक जाहीर झालं. राजा एरिसेइराच्या किनाऱ्यावरून कोळ्यांच्या होडीतून जहाजावर चढला तो परत आलाच नाही. बावट्यासाठी मास्तर स्वतःचा रुमाल काढत. तो कधीच पांढराशुभ्र नसे.

पुढच्या वर्षी, १९११ मध्ये, धर्म आणि सरकार वेगळे झाले. गोव्यातल्या हिंदूंना कायद्याने बरोबरी मिळाली, मराठी शाळांना जरा मोकळा श्वास घेता आला. मास्तरांचे वडील त्यानंतरच सरकारी कचेरीत कारकून लागले. पुढे १९२६ ला लष्कराने ते प्रजासत्ताकही मोडलं, पण त्यावर मास्तर फारसं बोलत नसत.

सहामाहीत प्रश्न आला, फ्रेंच राज्यक्रांतीची कारणे लिहा. मला बास्तीयचा तुरुंग काही आठवेना, म्हणून रोतुंदा, डस्टर वगळून, सगळं लिहून आलो. पेपर परत मिळाला तेव्हा पाचपैकी शून्य होता. समासात लाल शाईत एकच ओळ: "देश चुकला. बावट्याचं बरोबर आहे."