'शेगा जी साउदाजी'मधला उजवा हात

ब्राझीलचा गायक-गिटारवादक जोआंव जिल्बेर्तोचा हा पहिला एलपी ओदेऑन या रेकॉर्ड कंपनीने १९५९ साली काढला. १२ गाणी, आणि सगळी मिळून अर्ध्या तासाच्या आत संपतात. बोसा नोव्हा या सांबातून निघालेल्या हळुवार शैलीची सुरुवात इथून धरतात, पण यादीत आरी बारोझो, दोरिवाल कायमी या संगीतकारांचे जुने सांबाही (ब्राझीलचे ठेकेदार नाचगाणे) आहेत. खरी नवलाई गिटारवरच्या उजव्या हातात आहे.

सांबात सुर्दो हा मोठा ढोल ठोका धरतो, तांबोरीम ही लहानशी डफली त्याच्या अधेमधे आघात देते. जिल्बेर्तोने दोन्ही कामं एकाच हाताला लावली: अंगठा सुर्दो, आणि तर्जनी, मध्यमा, अनामिका मिळून तांबोरीम.

वाजवून बघायचं तर दोन मात्रांच्या दोन आवर्तनांचे १६ भाग करा. अंगठा १, ५, ९, १३ वर. बोटं १, ४, ७, ११, १४ वर. हा झाला शिकवणीतला साचा. रेकॉर्डवर तो सतत बदलतो. पुढची कॉर्ड कितीदा तरी १६व्या भागावरच येऊन बसते. गडबड होते ती अंगठ्याची. बोटं ठोक्याआधी पडली की तोही त्यांच्यामागे ओढला जातो आणि सगळी गंमत जाते. आधी नुसता अंगठा घोटा, मग बोटांचा एकेक आघात वाढवा. खर्जात षड्ज-पंचम आलटूनपालटून वाजवायची सवयही सोडा, जिल्बेर्तो बहुतेकदा एकच स्वर धरून ठेवतो. आणि तारांवरून हात फिरवायचा नाही. कॉर्डचे स्वर एकदम सुटले पाहिजेत.

गाणं त्यानंतर. आवाजात कंप जवळजवळ नाही, ओळ ठेक्याच्या पुढेमागे सरकते, ठेका मात्र जागचा हलत नाही. इतका हळू आवाज गिटारखाली दबू नये म्हणून त्याने गळ्याला एक आणि गिटारला एक असे दोन माइक मागितले होते. रेडिओवरच्या भरदार गळ्यांच्या काळात हा हट्टच म्हणायचा! शीर्षकगीत गायिका एलिझेची कार्दोझोने १९५८ मध्ये आधी गायलं, तिथेही गिटार जिल्बेर्तोचीच आहे. दोन्ही लागोपाठ ऐका: ठेका तोच, गायकी मात्र आधीच्या पिढीची. कायतानो वेलोझो, जिल्बेर्तो जिल, शिको बुआर्की हे ब्राझीलचे पुढचे गायक-गीतकार सगळे याच रेकॉर्डच्या प्रभावाखाली वाढले.

ऐकताना मूळ एलपीचा क्रम धरा. १९८८ च्या 'ओ मितो' संकलनात पहिले तीन अल्बम एकत्र केले होते, आणि मूळ ध्वनीत फेरफार केल्याचं म्हणत जिल्बेर्तो थेट कोर्टात गेला.