मृत्युपत्रात संस्थेचं नाव लिहिताना

बाबांची दृष्टी गेल्यावर एका संस्थेचे स्वयंसेवक दर आठवड्याला घरी येऊन त्यांना पुस्तकं वाचून दाखवायचे. शेवटपर्यंत आले. आपल्या माघारी या संस्थेला काहीतरी द्यायचं, हे मी तेव्हाच मनाशी धरलं होतं. मृत्युपत्राचं मनावर घेतलं ते मात्र साठी उलटल्यावर.

मला वाटलं, नाव आणि रक्कम, एका ओळीचं काम. वकीलबाईंनी आधी विचारलं, "नोंदणीत हेच नाव आहे का?" घरी येऊन देणगीच्या जुन्या पावत्या काढल्या. वर ठळक अक्षरांत आमच्या तोंडातलं नाव, आणि तळाशी बारीक टायपात, नोंदणी क्रमांकाशेजारी, भलतंच लांबलचक नाव. कायद्याच्या लेखी संस्था ती! मग संस्थेकडूनच पूर्ण नाव, पत्ता आणि क्रमांक लेखी मागवला.

आल्फ्रेड नोबेल यांनी १८९५ मध्ये वकिलाला न विचारता मृत्युपत्र केलं आणि बहुतेक संपत्ती अशा निधीला ठेवली, जो तेव्हा अस्तित्वातच नव्हता. १८९६ मध्ये ते गेले. नातेवाइकांनी हरकती घेतल्या आणि पहिली पारितोषिकं द्यायला १९०१ साल उजाडलं. हे कळल्यापासून मी एकेक शब्द तपासून घेतला.

रकमेचंही तसंच. ठरावीक आकडा लिहिला तर महागाईत त्याची किंमत घटते. उलट माझ्या आजारपणात पैसे संपले, तर तो आकडा आधी चुकता होऊन मुलांना थोडंच उरायचं. म्हणून देणी आणि खर्च भागल्यावर जे उरेल त्याचा दहावा हिस्सा, असं लिहिलं. संस्था बंद पडली किंवा दुसरीत विलीन झाली, तर तसंच काम करणारी संस्था व्यवस्थापकाने, म्हणजे माझ्या माघारी मृत्युपत्र अमलात आणणाऱ्याने, निवडावी, हेही घातलं. पैसे घरी जाऊन वाचून दाखवण्यासाठीच वापरावेत, ही माझी अट होती. वकीलबाईंच्या सांगण्यावरून ती 'इच्छा' म्हणून नोंदवली. पुढे कामाची पद्धत बदलली, तर अटीपायी देणगीच अडकायची.

साक्षीदार दोघं, ज्यांना मृत्युपत्रातून काहीच मिळणार नाही असे.

खरी धाकधूक मुलाला सांगायची होती. नंतर कागदावरून कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळावं, म्हणून सहीच्या आदल्या दिवशी सांगितलं. व्यवस्थापकही तोच आहे. क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "आजोबांकडे यायचे तेच ना? पावती दे, फोटो काढून ठेवतो."